वरच्या अण्णांची चौदावी ओळ

माणसाचं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीही ठाऊक नसताना तो या शहरात कितव्या पिढीचा आहे एवढं मात्र बिनचूक सांगू शकेल असा साऱ्या दुनियेत एकच इसम असावा, आणि तो गेली सत्तेचाळीस वर्षं आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर. पेरंबूरच्या आमच्या इमारतीत आम्ही खाली, ते वर. त्यांनी खुर्ची सरकवली की आमच्या देवघरातली घंटा हलते. सगळी इमारत त्यांना वरचे अण्णा म्हणते. तमिळ माणसं म्हणतात ते थोरला भाऊ म्हणून, आम्ही म्हणतो ते आपल्याकडच्या सवयीनं, आणि ते दोघांनाही सारख्याच गंभीरपणे ओ देतात.

अण्णा तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी महाराष्ट्रातून खाली आले आणि राहिले. त्या हिशेबानं अण्णा अकरावे. लोक आपली ओळख करून देताना आडनाव सांगतात, हे हात जोडून म्हणतात, "मी अकरा." समोरच्याला वाटतं म्हातारा घराचा नंबर सांगतोय. मग तो गोंधळला की अण्णा विचारणार, "आपण कितवे?" चेन्नईत कुणीही भेटलं की तुमचं ऊर कोणतं, म्हणजे मूळ गाव कोणतं, हे विचारतातच. रिक्षावालासुद्धा विचारतो. अण्णांना गावाशी कर्तव्य नाही. त्यांना आकडा लागतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आंध्रातून आलेल्याचा मुलगा, तो दोन. भाजीवाली मदुरैकडून लग्न होऊन आली, ती एक. जिन्याखाली जी मांजर व्यायची तिच्या पिल्लाच्या पिल्लाच्या पिल्लाला ते चार म्हणूनच हाक मारायचे आणि ती यायचीही. मी मिरजेहून डब्यात घालून तुळस आणली होती. तिच्या मंजिऱ्यांचं बी पडून कुंडीत नवं रोप आलं तेव्हा अण्णा जिन्यावरून वाकून म्हणाले, "बाई, ही दोन जाहली हं. हिला आतां इकडचं ऊन बाधायचं नाहीं."

नोकरी त्यांनी रेल्वेच्या पार्सल कचेरीत केली, आणि मला वाटतं खोड तिथूनच लागली. चौतीस वर्षं कुठून आलं, केव्हा आलं, कुणाचं, हे प्रत्येक गाठोड्याबद्दल लिहीत बसलेला माणूस निवृत्त झाला म्हणून काय लिहिणं सोडतो? त्यांच्याकडे लांबलचक, कापडी पाठीची एक वही आहे. तिच्यात शहरातली त्यांच्या ओळखीची अस्की मराठी घरं (अस्की म्हणजे सगळी, हा त्यांच्या मराठीतला शब्द, आता माझ्याही तोंडात बसलाय) कोठून, केव्हां, कितवी आणि शेरा अशा चार रकान्यांत मांडून ठेवली आहेत. मी एकदा चोरून माझी ओळ पाहिली होती. यांच्या नावापुढे "व कुटुंब" असं लिहिलेलं. कोठून, मिरज. कितवी, एक. आणि शेरा काय, तर "सांबाराला अजून आमटी म्हणतात." मला राग आला होता. पण खोटं काही लिहिलं नव्हतं.

आकडे पुरेनात तेव्हा अण्णांनी अपूर्णांक काढले. मोठेपणी आला तो एक. आई-बापांचं बोट धरून, शाळेच्या वयात आला तो दीड. इथं जन्मला तो दोन. बदलीवर तीन वर्षांसाठी आलेले बँकवाले आणि लष्करवाले, ते शून्य. एकदा नागपूरकडचे एक बँकेतले साहेब आमच्याकडे चहाला आले होते. अण्णांनी त्यांना शून्य म्हटलं आणि साहेबांना ते लागलं. "अहो, मी बदलीवर आहे, मला कशाला मोजता?" अण्णा शांतपणे म्हणाले, "आमचा पहिलाही बदलीवरच आला असणार. कुणी सांगून राहतो कीं काय?" ते साहेब पुढे निवृत्त होऊन इथेच अंबत्तूरला घर बांधून राहिले. अण्णांनी शून्याच्या जागी एक लिहिला आणि पेढे मात्र साहेबांकडून घेतले.

पिढी पिकली कधी, याचीही त्यांची परीक्षा होती. मनुष्य कुठल्या भाषेत बोलतो यावर जाऊ नये म्हणायचे, तो दचकतो कुठल्या भाषेत ते पाहावं. म्हणून घरात नवीन कुणी बसलेलं असलं की अण्णा त्याच्या पाठीमागे जाऊन स्टीलचं झाकण खाली टाकायचे. "आई गं" निघालं तर एक, "अय्यो" निघालं तर दोनच्या पुढे. माझ्या नातीच्या मागे टाकलं तेव्हा ती दचकलीच नाही. कानात यंत्र घालून गाणी ऐकत होती. अण्णा बराच वेळ पेन हातात धरून बसले.

आणि तो फोटो. मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी अण्णांच्या आग्रहाखातर सगळ्यांचा पिढीवार फोटो काढायचा ठरलं. पहिली पिढी पुढे, दुसरी तिच्या मागे, असं चढत जायचं. झालं काय, की ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नुकतीच लागलेली पंचवीस वर्षांची पोरं पुढे खुर्च्यांवर पाय पसरून बसली, कारण ती एक. त्यांच्या मागे आमची चाळिशीची मुलं उभी. आणि ऐंशीला टेकलेले अण्णा, अकरा, सगळ्यांत शेवटी, एकटे, बाकावर चढून. मधल्या पिढ्यांची माणसंच नव्हती त्या दिवशी, आणि अण्णांचा मुलगाही आला नव्हता. फोटो छापून आला तर अकराव्या पिढीचं फक्त कपाळ आलेलं, तेही अर्धं. अण्णांनी तो चौकटीत लावला आहे. कुणी विचारलं तर कपाळावर बोट ठेवून दाखवतात.

पण आमचं खरं भांडण झालं ते माझ्या मुलावरून. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. मीही सातव्या महिन्यात मिरजेला गेले आणि मुलगा तीन महिन्यांचा झाल्यावर दुपट्यात गुंडाळून परत आले. दोन वर्षांनी मुलगी झाली ती इथेच, पेरंबूरच्या दवाखान्यात. मुलगा सात वर्षांचा असताना एक दिवस रडत खाली आला. का, तर अण्णांनी वहीत पाहून सांगितलं होतं की तू एक आणि तुझी बहीण दोन. तो आपल्या बापाच्या पिढीत गेला आणि धाकटी त्याच्या पुढे. धाकटीनं त्या दिवसापासून महिनाभर त्याच्याकडून ताई म्हणवून घेतलं. मी तशीच वर गेले. म्हटलं, "अण्णा, तीन महिन्यांच्या पोराला काय कळतंय मिरज की मद्रास? दात इथे आले, पाय इथे फुटले."

"जन्म तिथला आहे, बाई. नियम म्हणजे नियम."

"मग या हिशेबानं यांच्या कारखान्याच्या, तिकडे आवडी गावातल्या अख्ख्या वसाहतीतली थोरली मुलं एक होतील. सगळ्यांच्या बायका पहिल्या खेपेला माहेरी गेल्यात."

अण्णांनी वही उघडली. माझं खरं होतं. थोरले सगळे एक, धाकटे सगळे दोन, घरोघरी. वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, आतून म्हणाल्या, "त्यांचं ऐका कीं. पोर रडवलेंत." मग आठ दिवस विचार करून अण्णांनी नवा अपूर्णांक काढला. कुशीत आला तो सव्वा. माझा मुलगा आज शेहेचाळीस वर्षांचा आहे, त्याच्या हाताखाली शंभर माणसं आहेत, पण जिन्यात अण्णा भेटले की म्हणतात, "काय सव्वा, आज लवकर?" आणि तो लाजतो.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्या वहीचं पहिलं पान हसण्यावारी नव्हतं. त्या पानावर अण्णांचं स्वतःचं घराणं. एकापासून चौदापर्यंत आकडे, एकाखाली एक. अकराला अण्णा, बाराला त्यांचा मुलगा, तेराला नात. आणि चौदाची ओळ आखून रिकामी ठेवलेली. अण्णांना एकुलता एक मुलगा, त्याला एकुलती एक मुलगी, आणि ती सहा वर्षांपूर्वी नोकरीला टोरांटोला गेली, तिथेच लग्न केलं. ती गेली तेव्हा अण्णांनी तिच्या नावापुढे काही लिहिलं नाही. बदली, म्हणाले. मागच्या वर्षी तिला दिवस गेल्याचं कळलं आणि म्हातारा त्या एका गोष्टीवर जगायला लागला, की पोर बाळंतपणाला माहेरी येणार, मूल इथे, या शहरात जन्मणार, आणि चौदाची ओळ भरणार.

मी म्हटलं, "अण्णा, मग ते तिसऱ्या महिन्यात तिकडे जाईल ना? म्हणजे ते तिकडचं सव्वा."

"जन्म इथला. नियम म्हणजे नियम."

"चाळीस वर्षांपूर्वी हाच नियम मी मोडायला लावला होता तुम्हाला."

"तें तुमच्या सोयीचं होतं," अण्णा म्हणाले, आणि स्वतःच हसले. पण हसताना माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांनी तयारी केली होती. मुलाची खोली रंगवून घेतली. मिरजेकडे बाळंतिणीला काय काय देतात ते मला विचारून कागदावर लिहून घेतलं, म्हणाले आमच्याकडचं अर्धं विसरलं गेलं आहे, तुमच्याकडून उसनं घेतों. अळीव कुठे मिळतील म्हणून या वयात जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात जाऊन हिंडून आले, आणि पावशेर हवे होते तिथे तीन किलो घेऊन आले. आमच्याकडे अजून आहेत.

मग सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, विमानप्रवास नको. झालं. आता हल्ली असंच असतं म्हणा. मुली माहेरी येत नाहीत, माहेरच पिशव्या भरून विमानात बसतं आणि मुलीकडे जातं. अण्णांची सून गेली, पाठोपाठ मुलगाही गेला. अण्णांना पासपोर्ट नव्हता, गुडघेही नव्हते. ते दोन वेळा जेवायला खाली यायला लागले. ताटावर बसले की विचारायचे, "ही आमटी कीं सांबार?" मी म्हणायचे, "तुम्ही लिहा काय लिहायचं ते."

मुलगी झाली. पहाटे मुलाचा फोन आला म्हणून अण्णांनी जिन्यातूनच सांगितलं, पण खाली आले नाहीत. दुपारी ताट वर पाठवलं ते तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, आकडा गेला म्हणून रुसलेत. खरं सांगते, मला थोडा रागच आला. इतकी गोड बातमी, आणि हा माणूस वहीत तोंड घालून बसलाय. मनाशी ठरवलं होतं, भेटले की चार शब्द सुनवायचे. सत्तेचाळीस वर्षं मला एक म्हणत आलात, आता बघा म्हणावं स्वतःच्या घरात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आले. काखेत वही. बसले आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "बाई, एक म्हणजे काय असतं?"

मला कळेना. "काय असतं म्हणजे?"

"मी काल नातीशीं बोललों. ती रडत होती. आई शेजारीं बसली आहे, नवरा चांगला आहे, पोर धड आहे, तरी रडते. म्हणते, तात्ता, खिडकींतून कुणी दिसत नाहीं. मला काय बोलावं तें सुचलं नाहीं." त्यांनी वहीवर हात ठेवला. "मी अकरा. माझा बाप दहा. आमच्यांत कुणाला ठाऊकच नाहीं, नवीन गांवीं कसं वाटतं तें. पोर आतां एक जाहली. तुम्हीं एक आहांत. तुम्हीं रडलां होतां?"

"चार महिने," मी म्हणाले.

"मला कधीं दिसलं नाहीं."

"तुम्ही वही लिहीत होता."

हे मी लागेल असं बोलले, आणि ते त्यांना लागलं. मग मलाच वाईट वाटलं. म्हटलं, तुम्हाला नाही दिसलं, वहिनींना दिसलं होतं. आणि मी त्यांना ते सांगितलं, जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी आले तेव्हा एकवीस वर्षांची. हे पहाटेच्या गाडीनं आवडीला जायचे ते संध्याकाळी यायचे. दारावर येणारा प्रत्येक जण जे बोले ते मला भांडण वाटायचं. मी कडी लावून आत बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी दहा वाजता दार वाजलं. वहिनी. हातात सूप, सुपात शेवग्याचा पाला. म्हणाल्या, "तुमच्या इथें उजेड बरा आहे. इथें बसून निवडूं कां?" वर उजेड जास्त होता हो, मी पुढे पाहिलं ना. पण त्या आल्या, माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या आणि आपला पाला निवडत राहिल्या. बोलल्या नाहीत. मला त्यांचं ते जुनं मराठी ऐकून हसू यायचं आणि हसता हसता रडू यायचं, तर त्या वर न बघता देठ काढायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज दहाला. मला त्यांनी तमिळ शिकवलं नाही, दारातला रांगोळीचा कोलम शिकवला नाही, कितवी ते तर विचारलंच नाही. एक दिवस मीच पुढे होऊन सुपाला हात घातला. त्या दिवसापासून बहुतेक मी इथली झाले. तारीख विचाराल तर ठाऊक नाही.

अण्णा ऐकत होते. वहिनींना जाऊन बारा वर्षं झाली. "ती रोज खालीं येई," ते म्हणाले, "मला वाटे गप्पा मारायला येते."

"गप्पा नंतर."

मग त्यांनी वही उघडली, पहिलं पान. चौदाची ओळ रिकामी होती. पण त्यांचं बोट चौदावर नव्हतं, सगळ्यांत वर होतं, एकावर. इतक्या वर्षांत मी ते पान नीट वाचलंच नव्हतं. दोनपासून खाली सगळी नावं होती, सुवाच्य, पूर्ण. एकापुढे लिहिलं होतं, "नांव ठाऊक नाहीं."

"आमच्यांत जो आला त्याचं नांव कुणी लिहून ठेवलं नाहीं," अण्णा म्हणाले. "जन्मले त्यांचीं ठेवलीं. त्याचंच नाहीं तर त्याच्या बायकोचं कुठलं. तीहि चार महिने रडली असेल."

"असेल."

"काय जाहलं असेल पुढें?"

"कुणीतरी तिच्याकडे भाजी निवडायला आलं असेल," मी म्हणाले.

"आलंच असणार," अण्णा म्हणाले. " त्याशिवाय आम्हीं अकरा कसे जाहलों."

त्यांनी वही उलटी केली. शेवटचं कोरं पान पहिलं झालं. त्यावर चार रकाने आखले आणि वर लिहिलं, एक, मग नातीचं नाव, तिचं स्वतःचं, पूर्ण. कोठून, पेरंबूर. तिच्याखाली दोन, पण बारशाला अवकाश होता म्हणून पुढची जागा सोडली. शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. मी विचारलं, शेरा? तर म्हणाले, "तो तिकडचं कुणीतरी लिहील. आपण कशाला." मग वही पुन्हा सुलट केली, पानं उलटत माझ्या ओळीपाशी आले आणि पेनाचं टोपण काढून थांबले. "बाई," म्हणाले, "'व कुटुंब' लिहिलं आहे इथें. तुमचं नांव काय?" वरच्या मजल्यावरच्या माणसाला सत्तेचाळीस वर्षांनी नाव सांगताना मला नवीन नवरीसारखं अवघडल्यासारखं झालं. त्यांनी ते लिहिलं. आकडा तसाच ठेवला. आता तो बदलला असता तर मला चुकल्यासारखं झालं असतं.

हल्ली संध्याकाळी साडेसहाला अण्णा खाली येतात. तेव्हा तिकडे सकाळचे नऊ. माझी नात त्यांना फोन लावून देते, तो आम्ही साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतो. तिकडे त्यांची नात पोरीला पाजत असते, इकडे अण्णा सूप घेऊन बसतात. चौऱ्याऐंशी वर्षांत या माणसानं भाजीला हात लावला नव्हता, पाल्याबरोबर निम्मी देठं टोपल्यात जातात. बोलत कुणीच नाही. कधी ती तिकडून विचारते, तात्ता, आज काय? ते सूप उचलून दाखवतात. एकदा आमच्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्यांनी दारातूनच विचारलं, "अण्णा, पणती कितवी धरायची?" अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. पोरीचा नुकता डोळा लागला होता.

"बाई," मला हळूच म्हणाले, "थोडा पाला अजून आहे कां? हा संपत आला."

मी उठून माझ्या सुपातला अर्धा त्यांच्या सुपात टाकला.